जोड मिळते तेव्हा

एप्रिलच्या दुपारी कर्जतमधल्या एखाद्या बंद खोलीत तंबोरा नीट मिळवून ठेवा आणि खोलीचा पारा फक्त 1 अंशाने चढू द्या. तार आधी तापते, लाकूड मागाहून. तेवढ्या अवधीत पोलादी तार सुमारे 4 सेंट उतरते. मग लाकूडही किंचित वाढतं, तारेला थोडा ताण परत मिळतो आणि उतार अडीच सेंटच्या आसपास येऊन थांबतो. कर्जत-खालापूरच्या उन्हाळ्यात सकाळ आणि दुपार यांच्यात 10 अंशांचा फरक सहज पडतो. सकाळी मिळवलेला तंबोरा दुपारच्या बैठकीला बेसूर का वाटतो, याचं उत्तर एवढ्या एका हिशेबात आहे.

सेंट हे मोजमाप फार बारीक आहे. सप्तकाच्या बारा स्वरांपैकी लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचे शंभर सारखे भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. संपूर्ण सप्तकात असे 1200. सूर एक सेंटने चढला म्हणजे कंपनसंख्या 0.0578 टक्क्यांनी वाढली. काळी एकला लावलेल्या मोठ्या तंबोऱ्याची जोडीची तार, म्हणजे एकाच सुराला लावलेल्या दोन तारांपैकी एक, सेकंदाला सुमारे 138.6 वेळा कंप पावते. ती तासभर सतत वाजती ठेवली तर जवळजवळ 5 लाख कंपनं होतील. तिच्या शेजारची जोडीदार तार एक सेंटने चढी असेल, तर त्याच तासात तिची कंपनं 288 ने जास्त भरतील. पाच लाखांत दोनशे अठ्ठ्याऐंशी! आणि तरीही शिकवणाऱ्या बाई मान न वळवता सांगतात, ‘जोड मिळाली नाही गं अजून.’

कानाची स्वतःची मोजपट्टी खरं तर इतकी बारीक नाही. मधल्या सप्तकातले दोन स्वर एकामागून एक ऐकवले, तर चार-पाच सेंटच्या आतला फरक तयार कानालाही सहसा पकडता येत नाही. आतल्या कानातली शंखाकृती नळी उलगडली तर जेमतेम 35 मिलिमीटर भरते आणि ध्वनीची खबर मेंदूला देणाऱ्या मुख्य केसपेशी एका कानात सुमारे साडेतीन हजार. एवढ्या भांडवलावर कान जो फरक सांगतो तोच मुळात थक्क करणारा आहे. पण हेच दोन स्वर एकदम वाजू लागले की कानाची ताकद कित्येक पटींनी वाढते. दोन कंपनं कधी एकमेकांना बळ देतात, कधी एकमेकांना मारतात, आणि आवाज हेलकावे घेऊ लागतो. सेकंदाला किती हेलकावे, तर दोन कंपनसंख्यांमधला जितका फरक तितके. सेकंदाला 440 आणि 440.25 कंपनांचे दोन स्वर एकत्र वाजले तर चार सेकंदांना एक हेलकावा येतो. हा फरक एका सेंटचा आहे. हेलकाव्याला आठ सेकंद लागले तर फरक अर्ध्या सेंटचा. सूर मोजायचा म्हणजे इथे वेळ मोजायचा. तार अनंतकाळ वाजत राहिली असती तर अचूकतेला सीमाच उरली नसती. पण तार विझते, आणि त्याहून अडचणीची गोष्ट अशी की विझता विझता ती आपला सूरही बदलते.

आधी पियानोकडे जाऊ, कारण एका सुरातल्या तारांचा सगळ्यात मोठा पसारा तिथे आहे. मुंबईत 1865 साली स्थापन झालेल्या फुर्टाडोजच्या दुकानात उभा असलेला कोणताही पूर्ण आकाराचा पियानो घ्या. पट्ट्या 88, तारा साधारण 230. अगदी खर्जात एका पट्टीला एक तार, मग दोन-दोन आणि मधल्या-वरच्या सगळ्या भागात तीन-तीन. 230 मधून 88 वजा केले तर 142 उरतात. म्हणजे पियानो लावणाऱ्याला एका तारेला दुसरीशी तंतोतंत मिळवण्याचं काम 142 वेळा करायचं असतं. सगळ्या तारांचा ताण एकत्र केला तर 18 ते 20 टनांच्या घरात जातो. तो पेलायला आत बिडाची ओतीव चौकट असते. मधल्या 440 च्या स्वराची एक तार घेतली तर तिची वाजती लांबी 40 सेंटिमीटर, जाडी 1 मिलिमीटरला थोडी कमी आणि ताण सुमारे 70 किलो. तिचा सूर एक सेंटने चढवायचा तर या 70 किलोंत फक्त 80 ग्रॅमची भर घालायची. वाजत्या भागात तार त्यासाठी 2 मायक्रॉन लांबते. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. वाजत नसलेला भाग धरला तरी एकूण ताणणं 3 मायक्रॉनचं. तार गुंडाळलेली पिन 7 मिलिमीटर जाड असते, म्हणजे ती एका अंशाच्या विसाव्या भागाएवढी फिरायला हवी. 30 सेंटिमीटरच्या किल्लीचं टोक त्यासाठी पाव मिलिमीटर सरकतं. हे सगळं कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्षात पिन लाकडात घट्ट बसलेली असते, फिरण्याआधी पिळली जाते, आणि तार ज्या ज्या टेकूवरून जाते तिथे तिथे अडखळते. म्हणून ट्यूनर पट्टीवर जोरकस टोले मारत तार लावतो. टोल्याने अडकलेला ताण सगळीकडे सारखा पसरतो आणि सूर नंतर सरकत नाही.

इथेच पेच येतो. जोरकस टोला मारला की तार स्वतःच चढते.

कारण साधं आहे. ताणलेली तार बाजूला सरली की तिची वाट सरळ राहत नाही, वाकडी होते, आणि वाकडी वाट नेहमीच लांब असते. तार लांबली की ताण वाढला, ताण वाढला की सूर चढला. हालचाल लहान होत गेली की सूर उतरत मूळ जागी येतो. वर सांगितलेली 440 ची तार मधोमध 1 मिलिमीटर हलली, तर गणिताने तिचा सूर सव्वादोन सेंटच्या आसपास चढा निघतो. अर्धा मिलिमीटर हलली तर चढ अर्ध्या सेंटहून थोडा जास्त. हालचाल दुप्पट तर चढ चौपट, असा हा नियम आहे. नमद्याची हातोडी तारेला चिकटून असते ती जेमतेम दोन-तीन हजारांश सेकंद, पण तिने दिलेला चढ उतरायला त्याच्या शेकडो पट वेळ लागतो. आणि हातोडीचा नमदा जुना होऊन एका बाजूने झिजला असेल, तर तीन तारांना सारखा टोला बसतच नाही. एक तार 1 मिलिमीटर हलते, शेजारची 0.7. पहिली सव्वादोन सेंट चढते, दुसरी एक सेंटच्या जरा वर. दोघी शांत झाल्यावर अगदी एका सुरात असतील, पण टोल्याच्या क्षणी त्यांच्यात एका सेंटहून जास्त फट आहे.

मग दोन तारा एका सुरात लावायच्या म्हणजे कोणत्या क्षणाच्या सुराला लावायच्या? छेडीच्या की नंतर रेंगाळणाऱ्या आसेच्या? जोरात वाजवून सुरुवातीचा क्षण मिळवला तर मागची आस हेलकावे खाते. आस मिळवली तर टोला किंचित पसरट येतो. माझं मत स्पष्ट आहे: आस मिळवावी. टोल्याच्या क्षणात हातोडीचा, लाकडाचा, बोटांचा आवाज मिसळलेला असतो आणि ती फट इतकी अल्पायुषी असते की तिचा एक हेलकावादेखील पुरा होत नाही. 440 च्या स्वरात एका सेंटच्या फटीला एक हेलकावा पुरा करायला चार सेकंद लागतील. फट त्याच्या कितीतरी आधी बुजलेली असते. आस मात्र उघडी पडते, तिथे लपायला जागा नाही. टोल्यातली फट कमी करायची असेल तर किल्लीला हात लावू नये, हातोडीचा नमदा घासून तीन तारांना सारखा करावा.

या आसेच्या पोटात आणखी एक नवल आहे. मिशिगन विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल वाइनराइश यांनी 1977 साली पियानोच्या जोडतारांवर शोधनिबंध लिहिला. दोन तारा एकाच घोडीवर टेकलेल्या असतात, म्हणून त्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. टोल्यानंतर दोघी मिळून घोडीला एकाच दिशेने ढकलतात. लाकडी फलक जोरात थरथरतो, आवाज मोठा येतो आणि म्हणूनच ऊर्जा भराभर संपते. पण टोल्यात जरासा असमतोल असतोच, किंवा सुरात अर्ध्या सेंटचा फरक असतो. मग सामाईक हालचाल संपल्यावर दोघी एकमेकींच्या उलट हलू लागतात. एक वर ढकलते तेव्हा दुसरी खाली. घोडीवरचं बळ जवळजवळ शून्य होतं, ऊर्जा बाहेर जायला वाट उरत नाही आणि स्वर बारीक पण खूप लांब टिकतो. पियानोची ती ‘गाणारी’ आस तिथून येते. तारा यंत्रवत तंतोतंत सारख्या असत्या आणि टोलाही तंतोतंत सारखा बसला असता, तर पियानो लवकर विझला असता. रॉजर कर्क यांनी 1959 साली श्रोत्यांना वेगवेगळ्या प्रकारे लावलेले तीन-तारी स्वर ऐकवले, तेव्हा तारांमध्ये एक-दोन सेंटचा फरक ठेवलेले स्वर लोकांना सर्वाधिक आवडले. शून्य फरक हे उद्दिष्ट नव्हेच. फरक किती ठेवायचा आणि कोणत्या तारेत ठेवायचा, यात ट्यूनरची कला आहे.

जवळजवळ सारख्या दोन कंपनांना एकच आधार मिळाला की ती एकमेकांना ओढून घेतात, हे सगळ्यात आधी पाहिलं क्रिस्टियान हायगेन्स यांनी, 1665 च्या फेब्रुवारीत. ते आजारी पडून अंथरुणावर होते आणि खोलीत एकाच तुळईला टांगलेली दोन लंबकाची घड्याळं होती. कितीही वेळा विस्कटून दिली तरी थोड्या वेळाने दोन्ही लंबक एका ठेक्यात, पण एकमेकांच्या उलट दिशेने हलू लागत.

आणि याच नियमाचं प्रचंड रूप आमच्या दोन तालुक्यांत शंभर वर्षांहून जास्त काळ उभं आहे. खालापूर तालुक्यातलं खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झालं, कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं 1922 साली. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी सुमारे 500 मीटर खाली खोपोलीत उतरतं आणि पुढे पाताळगंगेला मिळतं. ठोकरवाडीचं पाणी भिवपुरीत उतरून उल्हास नदीला मिळतं. सह्याद्रीपलीकडे पूर्वेला जाणारं पाणी वळवून कोकणात आणलेलं हे काम. खोपोलीची क्षमता 72 मेगावॅट, भिवपुरीची 75. या दोन ठिकाणची जनित्रं, मध्ये डोंगर असले तरी, तारांनी एकमेकांना जोडलेली आहेत आणि म्हणून त्यांना एका सुरात फिरावं लागतं. नवं जनित्र चालत्या जाळ्याला जोडताना जुन्या वीजघरांत दोहोंच्या मध्ये दिवे लावत. दोन कंपनसंख्यांत फरक असला की ते दिवे उजळत आणि मंद होत, फरक 0.1 हर्ट्झचा असेल तर दर दहा सेकंदांनी एकदा. दिवे अगदी सावकाश विझतील असं जनित्राचा वेग सांभाळत आणायचं आणि पूर्ण अंधाराच्या क्षणी स्विच दाबायचा. ट्यूनर जे कानाने ऐकतो ते वीजघरातला माणूस डोळ्यांनी पाहत होता. एकदा जोडलं की मात्र सुटका नाही: जनित्र मागे पडू लागलं तर बाकीचं जाळं त्याला पुढे ओढतं, पुढे धावू लागलं तर मागे खेचतं.

आता पल्ला पाहा. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर ते आपलं सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी एकरूप झालं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची सगळी मोठी जनित्रं एकाच कंपनसंख्येवर फिरतात. 30 मे 2024 रोजी या जाळ्याने 2 लाख 50 हजार मेगावॅटची मागणी पेलली. एका वर्षात या जाळ्याची आंदोलनं 157 कोटी 68 लाख होतात, आणि खोपोलीचं यंत्र त्यातलं एकही चुकवू शकत नाही. नियमाप्रमाणे कंपनसंख्या 49.90 ते 50.05 हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते. संगीताच्या भाषेत हा पट्टा 5.2 सेंटचा. अख्ख्या देशाचं वीजजाळं सव्वापाच सेंटच्या आत सुरात ठेवलं जातं, आणि पियानोच्या एका पट्टीच्या तीन तारांना त्याच्याही पाचव्या हिश्शात बसवावं लागतं! ट्रान्सफॉर्मरचं घुं घुं ऐकलंत तर ते 50 चं नसतं, त्याच्या दुपटीचं, 100 हर्ट्झचं असतं. त्याचा वरचा षड्ज 200. काळी चारला गाणाऱ्या मुलीच्या षड्जाच्या तो 65 सेंट खाली पडतो. खोपोलीत ट्रान्सफॉर्मरला लागून घर असेल तर तिने रियाजाची खोली बदलावी.

या जाळ्यालाही छेड बसते. 5 एप्रिल 2020 च्या रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटं दिवे घालवले, तेव्हा काही मिनिटांत 31 हजार मेगावॅटच्या वर मागणी नाहीशी झाली. भार सुटला की जनित्रं जोराने धावू लागतात आणि सूर चढतो; दिवे परत लागले की उतरतो. त्या रात्री कंपनसंख्या 49.70 ते 50.26 च्या दरम्यान हिंदकळली. देशभरच्या जलविद्युत केंद्रांनी पाणी झपाट्याने कमी-जास्त करून तिला सावरलं, कारण कोळशाच्या केंद्रांना तेवढी चपळाई नसते. 49.70 ते 50.26 हे अंतर होतं 19 सेंटचं.

एकोणीस सेंट म्हणजे आपल्या संगीतात जवळजवळ एक प्रमाणश्रुती. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलं. तारेच्या लांब्या मोजून श्रुतींची गुणोत्तरं ठरवायची, असा त्यांचा ध्यास. त्यांना अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याची साथ मिळाली. बावीस श्रुतींमधलं सर्वांत लहान अंतर, म्हणजे ही प्रमाणश्रुती, 81 ला 80 या गुणोत्तराचं, म्हणजे साडेएकवीस सेंटचं. श्रुतींवर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद झाले आणि अजून होतील. पण ज्या तंबोऱ्यासमोर बसून हे वाद घातले जातात, त्याची जोड या सगळ्यात लहान श्रुतीच्याही विसाव्या भागात मिळालेली असावी लागते. याबद्दल मात्र कोणत्याही घराण्याचं दुमत नाही.

तो तंबोरा मिरजेचा असण्याचा संभव मोठा. एकोणिसाव्या शतकात तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तिथे तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि तुणीचं लाकूड वापरून आजही तिथे हे काम चालतं, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मोठ्या तंबोऱ्याची जोडीची तार घ्या. लांबी 95 सेंटिमीटर, जाडी 0.3 मिलिमीटर. 138.6 वर तिचा ताण चार किलोंहून थोडा कमी. एक सेंट चढवायला हवेत फक्त साडेचार ग्रॅम, आणि ताणणं 3 मायक्रॉन. खुंटी यासाठी फार धसमुसळी, म्हणून घोडीमागे मणी असतात. खुंटीने जवळ यायचं आणि मण्याने पोचायचं.

छेडीचा प्रश्न तंबोऱ्यात पियानोहून कठीण आहे. एक तर तार लांब, बारीक आणि सैल, म्हणून ती जास्त हलते. बोटाने 4 मिलिमीटर ओढून सोडली तर चढ सुमारे 10 सेंटचा. 2 मिलिमीटर ओढली तर अडीच सेंटचा. दुसरं म्हणजे जोडीच्या तारा एकदम छेडल्या जात नाहीत, एकीमागून एक छेडल्या जातात. दुसरी तार छेडली जाते तेव्हा पहिली उतरून बरीचशी स्थिर झालेली असते. म्हणजे शांत असताना दोघी अगदी एक असल्या, तरी दुसरीच्या छेडीच्या क्षणी त्यांच्यात फट पडतेच. हात हलका असेल तर फट अडीच सेंटची, मूळ स्वराला पाच सेकंदांनी एक हेलकावा येईल एवढी, आणि तोवर फट मिटलेली असते. हात जड असेल तर फट दहा सेंटची, सेकंदाला जवळजवळ एक हेलकावा, आणि तो कानाला स्पष्ट टोचतो. तंबोरा कुरवाळल्यासारखा छेडावा, चारही तारांना सारखं बळ द्यावं, हे प्रत्येक गुरू पहिल्याच दिवशी सांगतो. त्या सांगण्याला हे वर्गाचं गणित भक्कम आधार देतं: हात निम्मा हलका केला की बेसूरपणा चौथाईवर येतो.

आणि मग जवारी. रुंद, किंचित उतरत्या घोडीवर तार घासत-टेकत हलते आणि खालचा दोरा तिला नेमक्या जागी उचलून धरतो. यातून वरचे उपस्वर असे उसळतात की मूळ स्वरापेक्षा तेच जास्त ऐकू येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली कलकत्त्याहून भारतीय तंतुवाद्यांवर टिपण लिहिलं आणि दाखवून दिलं की तंबोऱ्याची आणि वीणेची घोडी पाश्चात्त्य पुस्तकांतला नियम मोडते. ज्या जागी तार छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू असतो, तो उपस्वर उमटू नये, असा तो नियम. इथे तो उमटतो, आणि ठणकावून उमटतो. जोड मिळवणाऱ्यासाठी ही जवारी भिंगाचं काम करते. मूळ 138.6 च्या स्वरात एक सेंटचा फरक साडेबारा सेकंदांनी एक हेलकावा देतो. तेवढा वेळ कोण थांबणार? पण दहाव्या उपस्वरात तोच फरक दहापट वेगाने दिसतो, सव्वा सेकंदाला एक. वरच्या उपस्वरांत तो सळसळतो. म्हणून बाईंना मान न वळवता कळतं. जवारी जितकी खुली, तितकं जोड मिळवणं कठीण आणि तितकंच न मिळालेलं ऐकू येणं सोपं. घोडीवर तारेचा टेकायचा बिंदू अर्धा मिलिमीटर पुढे-मागे झाला तरी लांबीत एका सेंटचा फरक पडतो, म्हणून दोरा सरकवल्यावर सूर पुन्हा पाहावाच लागतो. आधी दोरा, मग मणी, हा क्रम त्यासाठी.

पावसाळा हा या भागातला वेगळा अध्याय आहे. कर्जत तालुक्यातल्या माथेरानला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. लाकूड ओल पितं आणि फुगतं. पियानोचा फलक फुगून घोडीला वर रेटतो आणि मधल्या सप्तकातला सूर दहाएक सेंट सहज चढतो. हिवाळ्यात तो परत उतरतो. एका पट्टीच्या तीन तारा बऱ्याचशा एकत्र चढतात, म्हणून त्यांची आपसातली जोड इतर स्वरांशी असलेल्या नात्यापेक्षा जास्त टिकते. इथल्या फार्महाउसांत हौसेने पियानो आणून ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की पावसाळ्याच्या ऐन मध्यावर लावून घेतलेला पियानो दिवाळीनंतर बेसूर होणारच. हवा कोरडी होऊन महिनाभर स्थिरावली की मग ट्यूनरला बोलवावं.

तंबोऱ्याचं तसं नाही, तो रोजच लावायचा. मोबाइलमधला तंबोरा कधी उतरत नाही, चढत नाही, आणि सोबतीला तो सोयीचा आहे हे मला मान्य आहे. पण शिकणाऱ्या मुलांच्या हातातून मणी सुटले, तर छेड आणि आस यांतला फरक त्यांना कुठे ऐकायला मिळणार? घरात खरा तंबोरा असेल तर तो खोळीतून बाहेर काढा. बैठकीच्या खोलीत अर्धा तास आधी ठेवा, म्हणजे तार आणि लाकूड दोघांनाही तिथली हवा लागेल. पंखा लावायचा असेल तर आधीच लावा. दोन्ही जोडीच्या तारा गाताना जितक्या हलक्या छेडाल तितक्याच हलक्या छेडा, आणि लगेच मण्याकडे हात नेऊ नका. दोन सेकंद थांबा, वरच्या उपस्वरांतला हेलकावा ऐका, आणि सूर उतरून बसला की मगच मणी सरकवा.